अंड्याचं भांडण अन् ६ रुपये ७८ पैसे

२०२५ चा फेब्रुवारी. तुरी निघून गेल्या होत्या, कापसाची शेवटची वेचणी चालू होती, अन् आमच्या झेडपी शाळेच्या व्हरांड्यात शाळा व्यवस्थापन समितीची मिटिंग भरली होती. मी त्यात पालक म्हणून आहे, पोरगी तिसरीत. विषय काय, तर पोषण आहारात अंडं द्यायचं की नाही. समितीत एक माळकरी बाबा आहेत, दरवर्षी पायदळ पंढरपूरला जाणारे, ते म्हणाले शाळा म्हणजे सरस्वतीचं देऊळ, तिथं अंडं शिजवायचं नाही. तर एका पोराचा बाप उठला, "बाबा, तुमच्या नातवाले घरी दूध हाये, तूप हाये, माह्या पोट्ट्याले काय हाये? हप्त्यातून एक अंडं भेटे, त्याच्यावरही तुमचा डोळा?" झालं. पाऊण तास तेच. कोणी ज्ञानेश्वरी काढली, कोणी जात काढली, एकानं तर मागच्या ग्रामपंचायतीच्या इलेक्शनचं काढलं, त्याचा अंड्याशी काय संबंध ते मला अजून समजलं नाही. हेडमास्तर शांत बसून होते. शेवटी त्यांनी मोबाईल काढला, चष्मा लावला अन् म्हणाले, "तुमचं झालं असंल तर सांगतो. जीआर आला आहे. अंड्याचे पैसे शासनानं बंद केले. द्यायचंच असंल तर लोकसहभागातून द्या."

म्हणजे पाऊण तास आम्ही ज्याच्यावर भांडलो ते ताटातून आधीच गेलं होतं, अन् ते बाबांमुळंही गेलं नव्हतं अन् त्या बापामुळं राहणारही नव्हतं. तेव्हापासून मी हे प्रकरण जरा नीट वाचायला लागलो, अन् जे समजलं ते इथं साध्या भाषेत लिहून राहिलो. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग वाचताना तुम्हाला मला शिव्या घालायला सोपं जाईल: शाळेतल्या जेवणावर जो काही वाद दिसतो, अंडं, कांदा-लसूण, रेवडी, संस्कृती, त्याच्याखाली (रेवडी म्हणजे सरकारनं फुकट वाटायचं ते) बहुतेक वेळा एक साधा हिशोब दबलेला असतो की पैसा कोण देणार, अन् कमी पडला तर तो कोणाच्या अंगावर ढकलायचा.

तर आधी योजना काय ते. आपण सगळे तिला खिचडी म्हणतो, पोरं पण "खिचडी झाली का" असंच विचारतात, ताटात पुलाव असला तरी. सरकारी कागदावर आधी ती शालेय पोषण आहार होती, २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झाली. बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) अन् पहिली ते आठवी, सरकारी अन् अनुदानित शाळा. नववीत गेलं पोरगं की बंद, भूक काही आठवीत पास होऊन जात नाही पण योजना जाते. अन् खाजगी इंग्लिश मिडियमच्या पोरांना नाही, त्यांची पिवळी गाडी सकाळी गावातून डबे घेऊन जाते.

माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, एकूण ४५० कॅलरी अन् १२ ग्रॅम प्रोटीन. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रोटीन. तांदूळ केंद्राकडून फुकट, एफसीआय म्हणजे भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून. बाकी डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी अन् जाळायचा खर्च, याचा दर १ मे २०२५ पासून लहान पोराला दिवसाचे ६ रुपये ७८ पैसे अन् मोठ्याला १० रुपये १७ पैसे. त्यात ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. म्हणजे लहान पोरामागं दिल्लीचे ४ रुपये ७ पैसे अन् मुंबईचे २ रुपये ७१ पैसे.

आता आमच्या शाळेचा हिशोब मांडा. पट ४६. दिवसाचे झाले ३११ रुपये ८८ पैसे. यात ९२० ग्रॅम डाळ, पाव किलोच्या आसपास तेल, सव्वादोन किलो भाजी, मसाला, गॅस. त्यातही गावाकडं डाळ-तेल-मसाला ठेकेदाराच्या गाडीतून येते अन् शाळेच्या खात्यात फक्त इंधन-भाजीपाल्याचा छोटा हिस्सा येतो, तो पण दोन-तीन महिने मागं, तोवर किराणावाल्याच्या वहीत सरांचं नाव. अन् ४६ अंडी, हिवाळ्यातला भाव सहा-सात धरा, झाले तीनशेच्या आसपास. म्हणजे एक दिवस अंडं द्यायचं म्हणलं तर अख्ख्या दिवसाचा डाळ-तेल-भाजी-गॅसचा पैसा त्यात गेला. हे गणित डोक्यात ठेवा, पुढं लागते.

हे सगळं सुरू कुठून झालं तर मद्रासमधून. १९२० मध्ये मद्रास कॉर्पोरेशननं थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत पोरांना जेवण द्यायचं ठरवलं, खर्चाची मर्यादा एका पोरामागं एक आणा. पुढं १९५६ मध्ये कामराज मुख्यमंत्री असताना ते राज्यभर न्यायला सुरुवात झाली अन् १ जुलै १९८२ ला सिनेमातून मुख्यमंत्री झालेल्या एमजीआरनं त्याला मोठं रूप दिलं. तेव्हाही आज जे बोलतात तेच लोक बोलत होते बरं का, की तिजोरी रिकामी होईल, हे मतांसाठी आहे, सिनेमातल्या माणसाचं नाटक आहे. मतांसाठी असेलही. पण एकदा पोरं जेवायला लागली की पुढच्या सरकारला ते बंद करायची हिंमत झाली नाही, उलट १९८९ मध्ये विरोधी पक्षाचे करुणानिधी आले अन् त्यांनी त्यात अंडं घातलं. हे तमिळनाडूचं राजकारण मला आवडते. तिथं दोन्ही पार्ट्या भांडतात ते कोणी जास्त दिलं यावर. २०२२ मध्ये तर तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी सकाळचा नाश्ताही चालू केला.

देशपातळीवर १५ ऑगस्ट १९९५ ला योजना आली, पण बहुतेक राज्यांनी शिजवलंच नाही, पोरामागं महिन्याला तीन किलो धान्य घरी दिलं अन् मोकळे झाले. त्या काळात शिकलेल्या लोकांना आठवत असेल, थैली घेऊन शाळेत जायचं. खरा टर्न आला २००१ मध्ये. राजस्थानात दुष्काळ, लोक उपाशी, अन् सरकारी गोदामं धान्यानं ठासून भरलेली. पीयूसीएल नावाची संघटना सुप्रीम कोर्टात गेली अन् २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टानं सांगितलं, धान्य नाही, शिजवलेलं जेवण द्या, वर्षातले किमान २०० दिवस, किमान ३०० कॅलरी. मग २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला अन् कलम ५ मध्ये हे जेवण पोराचा हक्क झालं. हे फार महत्वाचं आहे. हक्क म्हणजे काय तर २०१५ च्या नियमाप्रमाणं एखाद्या दिवशी तांदूळ आला नाही, गॅस संपला, स्वयंपाकीण आली नाही म्हणून जेवण झालं नाही, तर त्या दिवसाचं धान्य अन् शिजवायचा पैसा पोराला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्यावा लागते. आमच्या मिटिंगमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं, मी धरून. अंडं सरस्वतीला चालते की नाही यावर सगळ्यांचं मत होतं.

आता वाद. पहिला अन् सगळ्यात जुना वाद म्हणजे सरकारनं खाऊ घालावंच कायला. पोरं जन्माला घालणारानं खाऊ घालावं, शाळेनं शिकवावं. हा मुद्दा एकदम फालतू नाही, मला तो आमच्या गावातल्या चांगल्या चांगल्या लोकांकडून ऐकायला येते, विशेष करून ज्यांनी स्वतः लय हाल काढले अन् कोणाची मदत घेतली नाही. पण जरा शाळेच्या गेटावर सकाळी उभं राहून पाहा. वेचणीच्या दिवसात बाई सहालाच वावरात जाते, पोरगं रात्रीची भाकर असली तर खाते नाहीतर चहा पिऊन शाळेत येते. दहाच्या तासाला ते फळ्याकडं पाहत नाही, चुलीकडं पाहते. २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स नावाच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, भारतातल्याच आकड्यांवर. ज्या मुलींना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं त्या मोठ्या होऊन आई झाल्या तेव्हा त्यांच्या लेकरांची उंची वयाच्या मानानं जास्त चांगली होती. म्हणजे आज तिसरीतल्या पोरीच्या ताटात जे पडते त्याचा हिशोब तिच्या पोराच्या उंचीत निघते. अन् आपल्या राज्यात, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं, पाच वर्षांखालची साधारण ३५ टक्के पोरं वयाच्या मानानं ठेंगणी आहेत. मेळघाटचं नाव पेपरात येते म्हणून आपण समजतो की कुपोषण धारणी-चिखलदऱ्यातच आहे. तसं नाही.

दुसरा वाद, सगळ्यांना द्यावं की फक्त गरिबाला. ऐकायला फक्त गरिबाला हे बरोबर वाटते, सरपंचाच्या नातवाला कायला फुकट खिचडी. पण हे करून पाहिलेले देश आहेत. अमेरिकेत १९४६ पासून शाळेच्या जेवणाचा कायदा आहे, अन् तिथं पोरांचे तीन भाग असतात, कोणाला फुकट, कोणाला कमी पैशात, कोणाला पूर्ण पैशात. मग फॉर्म भरा, उत्पन्न दाखवा, अन् ज्याचे पैसे थकले त्याच्या नावावर जेवणाचं कर्ज चढते, हो, शाळकरी पोरावर जेवणाचं कर्ज. कोरोनात तिथं सगळ्यांना फुकट केलं, २०२२ मध्ये केंद्राचा पैसा बंद झाला, मग कॅलिफोर्निया, मेन अशा काही राज्यांनी आपल्या तिजोरीतून सगळ्यांना चालू ठेवलं अन् बाकी ठिकाणी परत फॉर्म. इंग्लंडमध्ये तर १९७१ मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरच्या पोरांचं फुकटचं दूध बंद केलं, तिला लोक दूधचोर म्हणायला लागले अन् ते नाव जन्मभर चिकटलं. वाचवलेला पैसा किती ते कोणाला आठवत नाही, नाव आठवते.

आपल्याकडं तो फॉर्म नाही, अन् मला वाटते ही आपल्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. आमच्या शाळेत ताटलीवर कोणाचं रेशनकार्ड पिवळं अन् कोणाचं केशरी हे दिसत नाही. सरपंचाचा नातू जेवते म्हणून तर सरपंच डाळ पाहायला येते. अन् ज्या दिवशी तो जेवणं बंद करेल त्या दिवसापासून डाळीत पाणी वाढेल, हे कोणीही सांगेल.

पण खुणा करायची खाज जात नाही. इथूनच अंड्याकडं येऊ.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारनं हप्त्यातून एक दिवस अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्याला केळं. अंड्याला ५ रुपये धरले होते, थंडीत बाजारात त्या भावात मिळे नाही, वरचा रुपया-दोन रुपये सरांच्या खिशातून, ते वेगळं. त्यावर वारकरी, जैन अन् बाकी काही संघटनांनी विरोध केला. मग २०२४ च्या सुरुवातीला एक आयडिया निघाली की पोरांच्या ओळखपत्रावर लाल अन् हिरवा ठिपका द्यायचा, कोण अंडं खाते अन् कोण नाही ते कळावं म्हणून. बिस्किटाच्या पुड्यावर असते तसा. सात वर्षांच्या पोराच्या छातीवर. गावात कोण काय खाते हे ठिपक्याशिवाय सगळ्यांना माहीतच असते, अन् त्यावरून काय काय होते तेही माहीत असते, आता त्याला सरकारी शिक्का पाहिजे होता का.

मग जून २०२४ मध्ये नवीन प्रकार, तीन पदार्थांचं जेवण. पंधरा पाककृतींची यादी आली, मटार पुलाव, चवळी खिचडी, सोयाबीन पुलाव, अंडा पुलाव, मूग-शेवग्याचं वरण, नाचणीचं सत्व, तांदळाची खीर, मोड आलेलं कडधान्य. कागदावर वाचून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. आमच्या खिचडीवाल्या काकूनं यादी पाहिली (वाचून मीच दाखवली) अन् एवढंच विचारलं, "गंज किती देऊन राहिले?" गंज म्हणजे मोठं पातेलं, ते दोनच होते, एक भाताचा अन् एक पाणी तापवायचा. अन् खिरीची साखर? ती तुम्ही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये मग ते सुटसुटीत केलं अन् त्यासोबत सांगून टाकलं की अंडं अन् साखर यांचा पैसा शासन देणार नाही, शाळांनी लोकसहभागातून करायचं. अंड्याचा खर्च वर्षाला ५० कोटींच्या आसपास होता अशा बातम्या तेव्हा होत्या. त्याच राज्यात त्याच्या सहा महिने आधी लाडकी बहीण योजना आली होती, तिचा वर्षाचा अंदाज ४६ हजार कोटींचा. मी लाडक्या बहिणीच्या विरोधात नाही, माझ्या घरातही पैसे येतात. फक्त दोन आकडे शेजारी ठेवले.

आता पाहा, विरोधकांचा मुद्दा काय होता? की शाकाहारी पोरावर जबरदस्ती नको, एकाच गंजात नको, श्रद्धा दुखावते. त्याचं उत्तर केळ्यात होतं, वेगळ्या पातेल्यात होतं. समर्थकांचा मुद्दा काय होता? की एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम चांगलं प्रोटीन असते, त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, दुधासारखं पातळ होत नाही अन् डाळीसारखं मोजमापात पळत नाही, पोराला मिळालं की नाही ते डोळ्याला दिसते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जोरदार वाटते. दोन्ही बाजूला घेऊन काही मार्ग निघत होता. पण सरकारनं निर्णय धर्मावर दिलाच नाही, पैशावर दिला, अन् तोही असा की ना हो म्हणलं ना नाही. बंदी घातली असती तर अंडेवाले चिडले असते, चालू ठेवलं असतं तर विरोधवाले. लोकसहभाग म्हणलं की भांडण मुंबईतून उठते अन् आमच्या व्हरांड्यात येऊन बसते. राजकारण म्हणून मानलं पाहिजे.

दुसरीकडं काय करतात? मध्य प्रदेशात २०१५ मध्ये शिवराजसिंह चौहानांनी अंगणवाडीत अंडं द्यायचा प्रस्ताव सरळ नाकारला, तिथले आदिवासी जिल्हे पाहता मला तो निर्णय पटत नाही, पण निदान स्पष्ट होता. कर्नाटकात मठांच्या स्वामींनी मोठा विरोध केला तरी सरकारनं अंडी चालू केली, अन् २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं तीन वर्षांसाठी साधारण दीड हजार कोटी द्यायचं कबूल केलं म्हणून हप्त्यातून सहा दिवस झाली. तो पण लोकसहभागच म्हणा, फक्त तिथला लोक जरा मोठा होता.

बाय द वे, कागदावर पोषण भरायचं तंत्र जगभर सारखंच आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये रेगनच्या काळात शाळेच्या जेवणाचं बजेट कापलं, मग नियम असे सैल करायला निघाले की लोणचं-सॉस असल्या गोष्टी भाजी म्हणून मोजता येतील, अन् टमाट्याचा सॉस म्हणजे भाजी यावर देशभर इतकं हसं झालं की मागं घ्यावं लागलं. आमच्याकडं उन्हाळ्यात भाजी महाग झाली की ५० ग्रॅम भाजीचा अर्थ सांभार (कोथिंबीर) अन् दोन टमाटे असा होते. हसणारं कोणी नाही म्हणून चालून जाते.

तिसरा वाद, शिजवणार कोण. शहरात एक मोठं केंद्रीय किचन अन् तिथून गाड्यांनी शाळाशाळांत डबे. स्वच्छ, मशीनवर, एकसारखं. पण मोठ्या किचनच्या मागं बरेचदा धार्मिक विचाराच्या संस्था असतात अन् मग त्यांचं जेवणाचं तत्व पोरांच्या ताटात येते. कर्नाटकात अक्षय पात्र संस्थेच्या जेवणात कांदा-लसूण नाही यावर २०१८-१९ मध्ये चांगलाच वाद झाला, पोरांना चव लागत नाही, पोरं उरवतात असं लोकांचं म्हणणं होतं. संस्थेचं म्हणणं की पोषण पूर्ण आहे. आमच्या खेड्यात हे संकट नाही, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी येत नाही तर खिचडी काय येईल. इथं शाळेतच शिजते. कांदा-लसणाच्या वादाच्याही आधी, २००७-०८ च्या सुमारास, बिस्किट कंपन्यांच्या संघटनेनं खासदारांना गाठून शिजवलेल्या जेवणाच्या जागी बिस्किटाचे पुडे द्या म्हणून जोर लावला होता, तो काही चालला नाही. दरवर्षी कुठं ना कुठं कोणी पाकीटबंद उपाय घेऊन येतेच.

अन् माल कुठून येतो हा वाद तर आपल्याकडं कोणी करतच नाही, करायला पाहिजे. आमच्या शिवारात तूर पिकते, सोयाबीन पिकते, हमीभावाच्या खाली विकून येतो आपण, अन् शाळेत तुरीची डाळ ठेकेदाराच्या ट्रकमधून येते. ब्राझीलमध्ये २००९ मध्येच कायदा झाला होता की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातून किमान ३० टक्के माल छोट्या शेतकऱ्यांकडूनच घ्यायचा. हे मी मिटिंगमध्ये सांगितलं तर एक जण म्हणाला, "भाऊ, मंग आपली तूर सर उधारीत नेतीन." तेही खरं.

आता स्वयंपाकिणीवर थोडं जास्त लिहितो, कारण तिच्यावर कोणी लिहीत नाही. सरकारी नाव स्वयंपाकी तथा मदतनीस. २५ पोरांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन. केंद्राचं मानधन महिन्याला १००० रुपये, वर्षातले १० महिने, अन् हा आकडा २००९ पासून हललेला नाही. २००९ मध्ये सोनं काय भाव होतं ते आठवा. आपल्या राज्यानं वर भर घालून २०२३ पासून २५०० केले. आमच्या काकूचा दिवस असा: साडेनवाला शाळा उघडते, झाडते, हापशीवरून पाणी आणते, तांदूळ निवडते (खडे अन् कधी कधी सोंडे), गॅस असला तर गॅसवर नाहीतर जळतनावर, पत्र्याची खोली, मार्चमध्ये आत उभं राहवत नाही. मग वाढायचं, मग ४६ ताटल्या, मग गंज घासायचे. महिन्याच्या चोवीस-पंचवीस दिवसांनी भागा, दिवसाला शंभर रुपये. निंदणाला गेली तर दुपटीच्या वर मिळते. लाडक्या बहिणीचे तिला घरी बसून १५०० येतात. मी विचारलं, मग सोडत कायला नाही? म्हणाली, "माह्यी नात तिसरीत हाये न. अन् मी सोडली त दुसरी कोण येते पाहू, अर्धी डाळ घरी नेईन थे."

तिच्या जातीवरूनही सुरुवातीला कुरकुर झाली होती गावात, आता नाही. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २००४ मध्येच सांगितलं होतं की स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या. त्यामागं डोकं होतं, गावात जे हजार भाषणांनी झालं नाही ते एका पंगतीनं होईल. सगळीकडं झालं असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात वरच्या जातीच्या पोरांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचं खायला नकार दिला, तिला कामावरून काढलं, मग ओरड झाली तेव्हा परत घेतलं. नकार पोरांचा म्हणून छापून आला, पण पोराला हे कोण शिकवते ते आपल्याला माहीत आहे.

अन् मास्तर लोकांची तक्रार. ती ऐकून न घेता लोक त्यांना कामचोर म्हणतात. रोज ॲपवर किती पोरं जेवली ते भरा, तांदळाचा साठा लिहा, डाळीची पोती मोजा, भाजीचं बिल जोडा. हा कारभार काही उगाच आला नाही, २०११ च्या पटपडताळणीत राज्यात लाखो बोगस पोरं निघाली होती, फक्त कागदावर शिकणारी अन् कागदावर जेवणारी. पण दोन शिक्षकी शाळेत त्याचा भार कोणावर येते ते पाहा, एक सर चुलीपाशी अन् एक मॅडम चार वर्गावर.

चव घ्यायचा नियम मात्र मी कधीच थट्टेवारी नेत नाही. वाढायच्या आधी मोठ्या माणसानं खाऊन पाहायचं. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जेवणातून विषबाधा होऊन २३ पोरं गेली. तपासात निघालं की जेवणात मोनोक्रोटोफॉस होतं, तेलातून आलेलं. स्वयंपाकिणीनं तेलाला वास येते म्हणून सांगितलं होतं असं तेव्हा छापून आलं होतं, तिचं कोणी ऐकलं नाही. मोनोक्रोटोफॉस म्हणजे काय हे आपल्या भागात लेकरालाही विचारा. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, मारायचे ते कीटकनाशक. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसच्या वर माणसं गेली तेव्हा जी नावं समोर आली त्यात हे होतंच. आपल्या घराघरात त्याचे रिकामे डबे आहेत, कोणी त्यात पाणी नेते, कोणी रॉकेल. म्हणून आमच्या समितीनं एक ठराव केला, शाळेच्या खोलीत सीलबंद पिशवीशिवाय कुठलाच डबा न्यायचा नाही. सगळ्या मिटिंगांमधून निघालेला हा एकच कामाचा ठराव असेल.

तर त्या दिवशी अंड्याचं काय झालं ते राहिलंच. लोकसहभाग म्हणून हेडमास्तरांनी एक वही केली, ज्याला वाटेल त्यानं एका दिवसाच्या अंड्याचे किंवा केळाचे पैसे द्यायचे, नाव लिहायचं. फेब्रुवारीत कापसाचे पैसे हातात होते, सहा नावं आली. पहिलं नाव त्या माळकरी बाबांचं, केळासाठी, ५०० रुपये. दुसरं त्या बापाचं, अंड्यासाठी, २००. मार्चमध्ये दोन नावं. एप्रिलमध्ये सकाळची शाळा अन् लग्नसराई, एक. मग विदर्भाच्या उन्हानं शाळा उघडली जूनच्या शेवटी, तोवर सगळ्यांचा पैसा बियाण्यात अन् खतात गेला होता. जुलैत एकही नाव नाही. श्रावणात तर अंडेवालेही अंडं खात नाहीत, ते सोडा, पण केळाचंही कोणी लिहिलं नाही. भादव्यात कोणाच्या घरी काय असते, कणगी झाडून झालेली असते अन् नवीन पीक आलेलं नसते, त्याच महिन्यात काकू सांगते की पोरं भात दुसऱ्यांदा मागतात.

मी पोळ्याच्या आधी ती वही पाहिली. एप्रिलच्या त्या एका नावाखाली हेडमास्तरांनी पट्टीनं रेघ मारून ठेवली होती अन् पुढच्या महिन्यांची नावं आधीच सुंदर अक्षरात लिहून ठेवली होती, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, प्रत्येकाखाली पाच-पाच ओळी सोडून.